कच्ची लोकर, न धुता, चरख्यावर: आपल्या विदर्भातल्या हवेत हे कसं जमते

आपल्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यात चरखा म्हटला की कापूसच. सेवाग्राममुळे म्हणा नाहीतर वावरातल्या पऱ्हाटीमुळे म्हणा, पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, धरून सूत काढणारा माणूस अजूनही कुठे ना कुठे भेटतो, पण त्याच माणसापुढे मेंढीची कच्ची लोकर ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला, "धुतली का हो?" आणि नाही म्हटलं की तो हात झटकून उठतो. त्याचंही बरोबर आहे, वास येते, हात चिकट होतात, मधेच लेंडी दिसते. पण न धुता कातायला पक्की कारणं आहेत आणि आपल्या भागात तर ती जरा जास्तच लागू पडतात, तेवढी एकदा समजली की बाकीचं काम सोपं जाते.

लोकरीवर मेंढीच्या कातडीतून निघालेलं एक मेणट तेल असते, लॅनोलिन, तेच जे मलमांमध्ये आणि ओठाच्या क्रीममध्ये घालतात. हे साधारण ३८ ते ४० अंशाला वितळायला लागते. थंड देशातला माणूस न धुतलेली लोकर कातायची म्हटली की ती शेगडीपाशी ठेवून गरम करत बसतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टोपली ओसरीत ठेवली की आपोआप झालं, पारा चाळिशीच्या वर गेलेलाच असतो. तेल मऊ असलं की तंतू एकमेकांवरून सरकतात आणि धागा एकसारखा निघते. वरून आपला उन्हाळा कोरडाठाण, त्यात धुतलेली लोकर घेतली की ती फुगते, उडते, साडीला चिकटते, केस उभे राहतात तसे तंतू उभे राहतात. तेल असलं की हा त्रास नाही.

दुसरी गोष्ट मेंढीची. आपल्याकडे जी दख्खनी मेंढी फिरते तिची लोकर राठ, केसाळ, बहुतेक काळी नाहीतर काळी-पांढरी मिसळ, आणि तेल कमी. मेरिनोसारख्या जातीच्या लोकरीत तेल इतकं असते की बोटं भरून जातात, म्हणून बाहेरच्या व्हिडिओंमध्ये "आधी धुवा, मग काता" असं सांगतात आणि आपले लोक ते पाहून दख्खनी लोकरही उकळत्या पाण्यात टाकतात, मग ती जमून नमदा, म्हणजे न सुटणारा घट्ट गठ्ठा, झाली की चरख्याला शिव्या. आपल्या लोकरीला तेवढं धुणं आधी लागतच नाही. निवडणं मात्र लागते, भरपूर लागते, आणि माझ्या मते या कामात दोन तृतीयांश भाग निवडण्याचाच आहे, चरखा हा नंतरचा विषय.

लोकर आणायची कुठून आणि कधी

मेंढपाळ ओळखीचा असला तर उत्तमच. आपल्या गावात उन्हाळ्यात खतासाठी वावरात मेंढरं बसवतात तेव्हाच विचारून ठेवायचं. अकोला-वाशीम-यवतमाळकडे धनगर, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला कुरमार, आणि नागपूर-वर्धा-भंडाऱ्याकडे उंट घेऊन फिरणारे कच्छचे रबारी, यांच्यापैकी कोणीतरी भेटतेच. रबाऱ्यांच्या मेंढ्या वेगळ्या जातीच्या, लोकर बहुतेक पांढरी, त्यामुळे पुढे रंगवायची असेल तर ती घ्या. लोकरीला बाजारात भाव जवळजवळ उरला नाही, बरेच जण कातरून बांधावर टाकून देतात, तुम्हाला फुकटही देतील. पण फुकट घेऊ नका. कातरणाऱ्याची मजुरी निघेल एवढे तरी पैसे द्या, पुढच्या वेळी तोच माणूस तुमच्यासाठी चांगली लोकर बाजूला काढून ठेवतो.

कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते, पावसाळा सरल्यावर एकदा आणि उन्हाळा लागायच्या सुमारास एकदा. एका दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे एका कातरणीला पाव किलो धरा. पावसाळ्यानंतरची लोकर मी तरी टाळायला सांगीन, तिच्यात काळी माती लिंपल्यासारखी बसलेली असते आणि कुसळं तर विचारू नका. फेब्रुवारी-मार्चची घ्या. धूळ असते पण कोरडी, झटकली की पडते, आणि कातून संपवायला पुढे सगळा उन्हाळा हाताशी. लोकर शिळी करायची नाही हेही त्यातच आलं. ठेवून ठेवून लॅनोलिन घट्ट, पिवळं, चिक्कट होत जाते, वर्षभर पडलेली लोकर न धुता कातायच्या लायकीची राहत नाही, ती मग धुवूनच घ्यावी लागते.

मेंढपाळाला तीन गोष्टी आधीच विचारायच्या. पहिली, कातरायच्या आधी मेंढरं नाल्यात नाहीतर तळ्यात घालून धुणार का? ही जुनी पद्धत आहे आणि आपल्या कामाला एकदम चांगली. थंड पाण्यात माती जाते, मेंढीच्या घामाचे क्षार पाण्यात विरघळतात तेही जातात, पण लॅनोलिन थंड पाण्याला दाद देत नाही, ते जागेवरच राहते. म्हणजे जे जायला पाहिजे ते गेलं आणि जे राहायला पाहिजे ते राहिलं. अंग पूर्ण सुकल्यावर, एक-दोन दिवसांनी कातरायचं. दुसरी, गोचिडाचं औषध इतक्यात मारलं का? मारलं असेल तर ती लोकर न धुता हाताळायची नाही, ते औषध तेलात मुरून बसते आणि तासन् तास तुमच्या बोटांवर येते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, लोकर जिवंत, निरोगी जनावराचीच पाहिजे.

हे घाबरवायला नाही सांगत, पण मेलेल्या जनावराची लोकर कोणी कितीही आग्रहाने दिली तरी घ्यायची नाही. जनावरांतला फाशी रोग, माणसात ज्याला काळपुळी म्हणतात, त्याचे जंतू लोकरीत, कातड्यात वर्षानुवर्षं टिकून राहतात आणि जुन्या काळी विलायतेतल्या लोकर निवडणाऱ्या कामगारांना छातीत हाच रोग व्हायचा. म्हणून निवडणं-झटकणं उघड्यावर, तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क, हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम बंद, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, आणि कातून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिने कच्च्या लोकरीपासून लांबच राहावं, नुकत्याच व्यालेल्या मेंढ्यांच्या लोकरीपासून तर नक्कीच.

बाजेवर निवडणं

सुतळीची बाज असेल तर याच्यासारखं साधन नाही. निवारीची नको, सुतळीची, मोठ्या भोकांची. अंगणात सावलीत बाज टाका, खाली जुनं पोतं पसरा, लोकर बाजेवर मोकळी करून बारीक काडीने हलकं हलकं झोडपा. माती, वाळलेली लेंडी, गोचिडं, कातरताना पडलेले बारीक तुकडे, सगळं भोकातून खाली. जोरात झोडपायचं नाही, तंतू गुंततात. एका बाजूने झालं की उलटवून दुसऱ्या बाजूने. बाजेखाली किती माती पडते हे एकदा पाहिलं की धुण्याचा आग्रह अर्धा कमी होते माणसाचा.

मग भाग वेगळे करायचे. पोटाची, पायाची, शेपटीकडची लोकर सरळ बाजूला, तिच्यात लेंडी-मूत मुरलेलं असते आणि तंतूही आखूड. खांद्याची आणि कुशीची सगळ्यात चांगली. पाठीची बरी, पण तिची टोकं उन्हाने भाजून ठिसूळ झालेली असतात. कोकराची पहिली कातरणी मिळाली, जावळच म्हणा ना, तर ती वेगळ्या पिशवीत ठेवा, ती मऊ असते, मोठ्या मेंढीच्या लोकरीत मिसळून वाया घालवू नका.

चिमूटभर बट घ्या, दोन्ही टोकं घट्ट धरा, कानाजवळ नेऊन एक झटका द्या. तार छेडल्यासारखा टण् आवाज आला तर लोकर पक्की. चरचर आवाज येऊन मधेच तुटली तर त्या मेंढीने आजारपण नाहीतर उपासमार काढली आहे, त्या जागी तंतू बारीक होऊन कमजोर झालेला असतो. अशी लोकर कातताना दर हाताला तुटते आणि माणूस समजतो आपला हात वाईट. ती उशीत भरा, कातू नका.

दख्खनीमध्ये जाड, ताठ, खडूसारखे पांढरट दिसणारे केस बरेच असतात. ते पीळ धरत नाहीत, रंगही धरत नाहीत, धाग्यातून बाहेर डोकावून टोचतात. सगळे काढत बसलात तर म्हातारे व्हाल, मोठे मोठे दिसतील तेवढे उपटा आणि बाकीचे घोंगडीत जाऊ द्या, घोंगडी टोचायचीच असते.

खरा वैताग काट्यांचा. गोखरू, सराटे आणि कुसळं. गोखरू डोळ्याला दिसतो, बोटाला लागतो, त्यामुळे तो काढता येते: धरून ओढायचा नाही, गोखरूभोवतीची लोकर चारही बाजूंनी हळूहळू मागे सारायची आणि मग तो मोकळा उचलायचा. कुसळ मात्र दगाबाज, तंतूच्या दिशेने आत सरकत जाते आणि नेमकं नखाखाली घुसते. उजेडाकडे धरून पाहिलं की काळ्या लोकरीतही ते पिवळं चमकते, तेव्हा चिमट्याने काढा. हे सगळं पिंजायच्या आधी. काटा आत असताना ब्रश फिरवला की एकाचे शंभर तुकडे होतात आणि ते मग घोंगडी विणून झाली तरी निघत नाहीत.

मोकळी करणं आणि पेळू

कापसाच्या बारीक दातांच्या हातपिंजणीवर ही लोकर घालू नका. तेलाने दात भरतात आणि ती पिंजणी नंतर कापसाच्याही कामाची राहत नाही. पिंजाऱ्याच्या धनुकलीवर कोरडी, ऊन खाल्लेली लोकर बऱ्यापैकी पिंजल्या जाते, पण तो कारागीर आता सापडणं कठीण. घरगुती उपाय म्हणजे दहा बोटं. एक बट घ्या, बुडख्याकडून धरा, टोकाकडून उकलत या, मग उलटं धरून बुडखा उकला. धूळ पडत राहते. कुत्र्याचे केस विंचरायचा वाकड्या पिनांचा ब्रश मिळते, तो यासाठी एकदम बेस्ट, बट मांडीवर जाड फडक्यावर धरून टोकावर दोन-चार वेळा मारायचा, फरफर ओढायचा नाही.

हे करायच्या आधी टोपलीला ऊन दाखवा. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात टोपलीवर काळं फडकं टाकून अर्धा तास पुरते. थंडीत, पौषात वगैरे, जास्त वेळ. लोकर हाताला कोमट लागली पाहिजे आणि बोटावर हलकीशी तुळतुळी आली पाहिजे, बस. भर मे मध्ये दुपारी उन्हात ठेवू नका, तेल पार पातळ होऊन हातावर येते आणि मग बोटं घसरतात. मे मध्ये पहाटे ते दहापर्यंतचं सत्र चांगलं. कूलर-पंखा बंद ठेवावा लागते, लोकर उडते, त्यामुळे घरचे वेडं समजतात, त्याला इलाज नाही.

पेळू कापसासारखा घट्ट वळायचा नाही. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा, लोकरीचा त्याच्या दुप्पट-अडीचपट लांब. घट्ट पेळूतून लांब तंतू सुटत नाहीत, एकदम झुपका निघते. म्हणून उकललेली लोकर पाटावर पातळ पसरा, काडीभोवती सैल गुंडाळा, काडी काढून घ्या. जाडी अंगठ्याएवढी, लांबी वीतभर, दाबल्यावर परत फुगला पाहिजे. एका बैठकीला लागतील तेवढेच करा, रात्रभर पडले की गार होऊन बसतात.

चरखा कोणता आणि त्याला काय काय करायचं

पेटी चरखा प्रवासाला छान, पण त्याला दोन चक्रं असल्यामुळे चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी टोकदार सळई, भन्नाट फिरते, ती बारीक कापसाच्या सुतासाठी आहे. लोकर त्याच्यावर कातता येते पण पीळ इतका पटापट चढते की नवख्या माणसाचा धागा गुंडाळ्या होऊन बसते. एका मोठ्या चाकाचा साधा चरखा या कामाला कितीतरी बरा. उत्तराखंडात लोकरीसाठी बागेश्वरी चरखा वापरतात, तो इकडे मिळाला तर नशीब, नाही मिळाला तर काही अडत नाही.

आपला चरखा किती पीळ देतो हे आधी मोजून घ्या. चातीला एक रंगीत दोरा बांधा, चाक बरोबर एक फेरी हळू फिरवा आणि दोरा किती वेळा गुंडाळला ते मोजा. समजा साठ आले. आता दोन फूट धागा ओढताना चाकाच्या दोन फेऱ्या दिल्या तर एकशेवीस पीळ चोवीस इंचात, म्हणजे इंचाला पाच. घोंगडीच्या, आसनाच्या जाड धाग्याला एवढा पुरते. वीस नंबरच्या कापसाच्या सुताला इंचाला अठराच्या आसपास पीळ लागते, त्यामुळे कापूस कातणाऱ्याचा उजवा हात सवयीनेच जास्त फिरते आणि लोकरीचा धागा तारेसारखा कडक होते. कापूसवाल्यांनो, हात आवरा. या कामात शिकण्यापेक्षा विसरणं जास्त आहे तुम्हाला.

चाती लोकरीसाठी वेगळी ठेवा, जरा जाड असली तर बरी, टोक मात्र गुळगुळीत पाहिजे, पॉलिश पेपर मारून घ्या. चाती ज्याच्यात फिरते त्या चमरखाला थेंबभर तेल. माळेला, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणाऱ्या दोरीला, मात्र तेलाचा हात लावू नका, लोकरीच्या बोटांनी माळ चाचपली की ती घसरायला लागते, चाक फिरते आणि चाती उभी. घसरलीच तर माळेवर थोडी राळ चोळा.

आता कातायला बसा

चरखा समोर, चातीचं टोक डावीकडे, उजवा हात मुठीवर, डावा हात पेळूवर. चातीवर एक हातभर जुना लोकरीचा धागा बांधून चार वेढे द्या आणि टोकापर्यंत सर्पिल नेऊन बाहेर काढा. कापसाचा धागा चालते पण तो तेलकट लोकरीवर नीट धरत नाही. त्या धाग्याच्या शेवटाला पेळूचे तंतू तीन-चार इंच लावा, अंगठा आणि तर्जनीत धरा, चाक हळू फिरवा, पीळ सरकत येऊन तंतूंना धरते तेव्हा ते हाताला कळते, किंचित ओढ लागते.

ओढ लागली की डावा हात मागे न्यायला सुरुवात करायची. धागा चातीशी सरळ रेषेत नाही आणि काटकोनातही नाही, मधे, तिरपा, साधारण ३० ते ४५ अंशात धरायचा. असा धरला की दर फेरीला तो टोकावरून टप्-टप् सुटतो आणि पीळ चढते. काटकोनात धरला की गुंडाळल्या जाते. सगळी चरख्याची विद्या या एका कोनात आहे, बाकी सराव.

हात मागे नेताना पेळू दाबू नका. बोटं अंडं धरल्यासारखी. पहिली फूटभर ओढ थोड्या पिळात होऊ द्या, धागा जाडाभरडा, गाठीगाठीचा दिसेल, घाबरायचं नाही. आता मूठ थांबवा आणि हात अजून मागे ताणा. इथे लोकरीची गंमत दिसते: जिथे धागा बारीक तिथे पीळ आधीच जास्त साठलेला असते म्हणून ती जागा पक्की राहते, जिथे जाड तिथे पीळ कमी म्हणून तीच जागा ताणल्या जाते, आणि धागा डोळ्यादेखत एकसारखा होत जाते. तेल गरम असेल तर हे लोण्यासारखं होते, गार असेल तर अडकत अडकत. एकसारखा झाला की शेवटचा पीळ द्या, दीड-दोन फेऱ्या.

मग चाक किंचित उलटं, पाव फेरीही पुरते, म्हणजे टोकाभोवतीचे वेढे सुटतात. धागा काटकोनात आणा, चाक सुलटं फिरवून गुंडाळा, कुकडी, म्हणजे चातीवर गुंडाळलेल्या धाग्याचा गड्डा, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती भरत न्या, शेवटी थोडा धागा सर्पिल टोकापर्यंत. पुन्हा ओढ. हे चार भाग एकामागोमाग विचार न करता व्हायला लागले की मग गप्पा मारत कातता येते.

पीळ बरोबर आहे का पाहायचं असेल तर हातभर धागा सैल सोडा, तो स्वतःभोवती वळते. दोन-चार सैल वेढे घेतले तर ठीक, कुरळ्या गाठीच पडल्या तर जास्त झाला, हललाच नाही तर कमी.

धागा सारखा तुटतो का? बहुतेक वेळा पीळ कमी, नाहीतर लोकर गार. एकदम जाड झुपका आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन्ही हातांनी धरून पीळ उलटा सोडत हळू ताणा, बारीक होते. पीळच पेळूत चढत चालला, म्हणजे हातातल्या लोकरीत घुसला, तर चाक जास्त आणि हात कमी चालला. मधेमधे बारीक गुठळ्या येत असतील तर चरख्याचा दोष नाही, कातरणाऱ्याने एकाच जागी दोनदा कात्री चालवलेले आखूड तुकडे आहेत ते, पुढच्या वेळी बाजेवर नीट झटका. आणि बोटं फार चिकट झाली तर पाण्याने नाही, कोरड्या राखेने किंवा मैद्याने पुसा.

दुपदरी करायचं की एकपदरी, हे काय बनवायचं त्यावर. घोंगडीला एकपदरी चालते, ताण्याला वरून चिंचोक्याची खळ लागतेच. गोफण, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायचा काळा दोर, असलं काही करायचं तर दोन कुकड्यांचे धागे एकत्र घेऊन चाक उलट्या दिशेने फिरवून पीळ द्या. एकदा दुपदरी झाली की टोचणंही थोडं कमी होते.

धुणं आत्ता

कुकडी भरली की फाळक्यावर, म्हणजे धागा गुंडाळायच्या चौकटीवर, लडी काढा, फाळका नसेल तर खुर्ची उलटी करून तिच्या पायांवर. चार ठिकाणी सैल गाठीने बांधा, नाहीतर धुताना असा गुंता होते की कात्रीच लागते. एक रात्र तशीच ठेवा.

आता ठरवा. पावसात पांघरायची घोंगडी असेल तर तेल जाऊ देऊ नका, त्यानेच पाणी निथळून जाते. लडी फक्त साध्या थंड पाण्यात तासभर बुडवा, पाणी काळं होईल, ते ओता, पुन्हा नवीन, असं पाणी निवळ येईपर्यंत. साबण नाही. एका मेंढपाळ बुवांनी मला सांगितलं ते बरोबर आहे, "घोंगडीले साबन लावला का तिचा पाऊस गेला."

अंगाला लागणारं, आसन, शाल असं काही असेल तर तेल काढावं लागते, आणि त्याला गरम पाणीच पाहिजे, ५५-६० अंश, हात घालवत नाही इतकं. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड, त्यात साबणाची वडी लावली की तेल आणि साबण मिळून एक चिकट साका लोकरीवर बसते जो मग निघत नाही. त्यापेक्षा रिठ्याचं पाणी, नाहीतर भांडी घासायचं लिक्विड, नाहीतर साधा शाम्पू. धुण्याचा सोडा नको, लोकर राठ होऊन कमजोर होते, आणि ब्लिचिंगचं तर नावही नको, त्यात लोकर अक्षरशः विरघळते. लडी पाण्यावर ठेवा, काडीने दाबून बुडवा, वीस मिनिटं सोडून द्या. चोळायचं नाही, हलवायचं नाही, वरून धार सोडायची नाही. गरम पाणी, साबण आणि घासणं तिन्ही एकत्र आलं की नमदा. पाणी गार व्हायच्या आत लडी बाहेर काढा, गार झालं की सुटलेलं तेल परत लोकरीवर बसते. दुसरं पाणीही तेवढंच गरम, मग हळूहळू कमी. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर.

पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, दोन्ही हातांनी ताणून दोन-तीन झटके द्या आणि सावलीत टांगा. धागा सुकल्यावर फुगते, आखडते आणि वजनालाही हलका होते, त्यामुळे मोठं काम धरायच्या आधी शंभर ग्रॅमचा नमुना कातून, धुवून, पुन्हा वजन करून पाहा आणि त्या हिशोबाने लोकर आणा. दर मेंढीला हा आकडा वेगळा येतो.

राहिलेली कच्ची लोकर सुती थैलीत किंवा गोणपाटात ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटते आणि कुजते. कसर लागते, कडुनिंबाचा पाला टाकतातच सगळे, पण पाल्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी उन्हात झटकणं जास्त कामाचं, कसरीच्या अळीला ऊन आणि हालचाल चालत नाही. चाती फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन पुसून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी कापूस कातला तर पहिल्या कुकडीला तेलाचा पट्टा येते. आणि बाजूला काढलेली ती पोटाची, लेंडीची लोकर फेकू नका, संत्र्याच्या आळ्यात मातीखाली दाबा, हळूहळू सडते, नत्र देते आणि मे महिन्यात ओलही धरून ठेवते. फक्त औषध मारलेल्या मेंढीची नको.